स्वस्तात मिळालेली मोठी गाडी : बयाणा देण्याआधी काय तपासाल?

माझ्या मामूंचा धाकटा मुलगा अकरा वर्षे कतारला आहे. दर दोन वर्षांनी महिना-दीड महिन्याच्या सुटीवर गावी येतो. मागच्या वेळी आला तेव्हा घरात दोन निकाह होते, पाहुण्यांची ने-आण होती, मामूंना डॉक्टरकडे न्यायचे होते. रोज भाड्याची गाडी मागवण्यापेक्षा आपलीच एक मोठी गाडी असावी, असे त्याच्या मनाने घेतले. मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे त्याने नऊ वर्षांची, सात जणांची, जर्मन बनावटीची आलिशान गाडी पाहिली. काळाभोर रंग, आत चामड्याच्या सीटा, वर काचेचे छत. किंमत ऐकून त्याला खरेच वाटेना. नवीन हॅचबॅकला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात ही गाडी मिळत होती.

गाडी खेडला आली त्या दिवशी सारी गल्ली बघायला जमली. मामीजानने सदका काढला, मुलांनी गाडीसमोर फोटो काढले. अठराव्या दिवशी सकाळी फजरनंतर मामू अंगणात आले, तर गाडी मागच्या डाव्या बाजूला पार खाली बसलेली. उंट एका गुडघ्यावर टेकतो तशी. त्यानंतर जे सुरू झाले ते त्याची सुटी संपेपर्यंत थांबले नाही. आधी एअर सस्पेन्शन, मग त्याचा कॉम्प्रेसर, मग गियर बदलताना बसणारे झटके. घराच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी बाजूला ठेवलेले पैसे गाडीत गेले आणि स्लॅब एक वर्ष लांबला.

मला सर्वांत जास्त लागले ते त्याचे एक वाक्य. तो म्हणाला, "भाईजान, तुम्हाला आधी विचारलं असतं तर?" मी मेकॅनिक नाही. पण गेली सोळा वर्षे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसतो. कोणत्या गाडीचा कोणता भाग किती वेळा मागितला जातो, हे डोळ्यांखालून जाते. त्याला तेव्हा जे सांगता आले नाही, ते या लेखात वाचकांसाठी लिहितो आहे. आपल्याकडे परदेशातून कमावून आणलेल्या पैशांवर अशा गाड्या घेण्याची हौस वाढली आहे. हौस असावी, पण डोळे उघडे ठेवून.

एवढी स्वस्त का?

आधी हे समजून घेतले पाहिजे. आलिशान गाडीची किंमत फार झपाट्याने उतरते. आठ-दहा वर्षांत ती मूळ किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गाडी तुम्हाला बारा लाखांना मिळाली, तरी तिचा गियरबॉक्स, तिचे हेडलाइट आणि तिचे टायर साठ-सत्तर लाखांच्या गाडीचेच असतात. पहिला मालक वॉरंटी संपेपर्यंत गाडी चालवतो आणि मोठा खर्च दारात दिसू लागला की विकतो. तो खर्च दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येतो. आपल्या घरात थोरले म्हणतात, महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार. या गाड्यांना ती म्हण शब्दशः लागू पडते.

म्हणजे अशी प्रत्येक गाडी वाईट असे नाही. नीट सांभाळलेली गाडी आणखी दहा वर्षे सुखाने चालते. सांभाळलेली कोणती आणि नुसती पॉलिश केलेली कोणती, हे ओळखता आले पाहिजे.

सकाळी जा, इंजिन थंड असताना

गाडी बघायला जायचे तर सकाळी लवकर जा, आणि विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर समजा की काहीतरी लपवण्यासाठी गाडी आधी तापवली आहे.

थंड इंजिन सुरू होताच पहिले काही सेकंद कान देऊन ऐका. साखळी खळखळावी तसा आवाज आला तर तो टायमिंग चेनचा असू शकतो. ही साखळी किंवा तिला ताणून धरणारा भाग झिजला की असा आवाज येतो आणि इंजिन तापले की तो दबतो. साखळी तुटली किंवा दाते सोडून सरकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच जाते. ऑडीच्या तीन लिटर डिझेल इंजिनात, म्हणजे क्यू५ आणि क्यू७ मध्ये, या साखळ्या गियरबॉक्सच्या बाजूला आहेत. बीएमडब्ल्यूच्या एक्स१ आणि एक्स३ मधल्या दोन लिटरच्या एन४७ डिझेल इंजिनातही साखळी मागेच आहे, आणि २००७ ते २०११ या काळातली ती इंजिने साखळीच्या तक्रारीसाठी जगभर ओळखली गेली. साखळी मागे असली की ती बदलायला गियरबॉक्स किंवा सबंध इंजिन उतरवावे लागते. भाग स्वस्त असला तरी मजुरी कंबर मोडते.

लँड रोव्हरच्या २.७ आणि ३ लिटर डिझेल इंजिनांचे दुखणे वेगळे आहे. डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टमधल्या या इंजिनांत क्रँकशाफ्टचे बेअरिंग फिरणे आणि क्रँक तुटणे हे प्रकार पुष्कळ झाले आहेत. याची आधी सूचना फारशी मिळत नाही. म्हणून ऑइल वेळेवर, शक्यतो कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या आतच बदलले गेले आहे का, हे पावत्यांवरून पाहणे एवढाच उपाय आपल्या हातात असतो. पावत्या नसतील तर ती गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या.

सायलेंसरच्या धुराकडेही बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे टर्बो, इंजेक्टर किंवा हवेच्या पाइपात दोष आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट इंजिनात शिरते आहे. कूलंटची टाकी बाहेरून बघा. पातळी कमी आहे का? कडेला वाळलेले पांढरट किंवा गुलाबी डाग आहेत का? युरोपीय गाड्यांत पाण्याचे अनेक पाइप आणि जोड प्लास्टिकचे असतात. आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ते सात-आठ वर्षांत कडक होऊन तडकतात. गरम इंजिनवर टाकीचे झाकण मात्र उघडू नका, भाजण्याची भीती असते.

गाडी एका बाजूला बसते का?

आमच्या भावाच्या गाडीला जे झाले, ते या गाड्यांचे सर्वांत सर्रास दुखणे आहे. रेंज रोव्हर, मर्सिडीजच्या जीएल आणि जीएलएस, ऑडी क्यू७ आणि पोर्श कायेनच्या बऱ्याच गाड्या स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर उभ्या असतात. गॅरेजात त्याला एअर बलून म्हणतात. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या अनेक गाड्यांत ते फक्त मागच्या चाकांना असतात. रबर जुने झाले की घडीच्या जागी बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू निसटते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि शेवटी जळतो. पाचशे रुपयांच्या गळतीकडे दुर्लक्ष केले की लाखाचा खड्डा पडतो, तो असा.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी रात्रभर उभी राहिलेली असेल तर सकाळी चारही चाकांच्या वरची कमान बोटांनी मोजा. एक कोपरा खाली असेल तर गळती आहे. मग गाडी सुरू करून उंच-खाली करण्याचे बटण दाबा. ती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली पाहिजे आणि फार वेळ लागता कामा नये. कॉम्प्रेसर घरघरत असेल, किंवा गाडी उभी असताना दर काही मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल, तर समजून जा. व्यापारी म्हणेल, "नुसता सेन्सर आहे, साहेब." सेन्सर असेल तर बदलून द्या, मग पैसे देतो, असे सांगा.

गियर, चार चाकांची ओढ आणि टायर

आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून पुढचा आणि मागचा गियर आलटून पालटून टाका. धक्का किंवा एक-दोन सेकंदांची दिरंगाई नको. मग गाडी चालवताना कमी वेगात हळूहळू गती वाढवा आणि कमी करा. झटके, घसरल्यासारखी जाणीव किंवा इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी ओढत नाही, ही वाईट लक्षणे.

बीएमडब्ल्यू, ऑडी, लँड रोव्हरच्या पुष्कळ गाड्यांत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गियरचा बॉक्स आहे. बॉक्स उत्तम आहे. पण गाड्यांच्या कंपन्या त्याचे तेल 'आयुष्यभराचे' असल्याचे सांगत आल्या, आणि मालकांनी ते कधी बदललेच नाही. गियरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. म्हणून विकणाऱ्याला थेट विचारा : गियरबॉक्सचे तेल कधी बदलले, पावती आहे का? याचे उत्तर त्याला देता आले तर त्या मालकाने बाकीचीही काळजी घेतली असण्याची शक्यता मोठी.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केस नावाचा आणखी एक भाग असतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळत, हिसके देत फिरली तर तिथे दोष आहे. याचे एक मोठे कारण टायर. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढची-मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घासत राहतो. एखाद्या गाडीला दोन टायर नवे आणि दोन जुने, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसले, तर मालकाने पैसे कुठे वाचवले ते तिथेच कळते.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसो, सहा वर्षांपुढचा टायर बदलायचाच, असे धरून हिशेब करा. या गाड्यांना वीस-एकवीस इंची टायर लागतात. त्यांची किंमत दुकानात विचारूनच जा, नाहीतर नंतर घाम फुटतो. ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवा. कडेला उंच कंगोरा लागला तर डिस्कही बदलण्याच्या मार्गावर आहेत.

डिझेलचा धूर गिळणारा फिल्टर

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतोच. त्याआधीच्या अनेक आयात गाड्यांतही तो आहे. काजळी साचली की गाडी स्वतःच तो फिल्टर प्रचंड तापवून जाळून साफ करते. त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने धावावे लागते. पण गाडी रोज घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून बाजारापर्यंतच जात असेल तर ही सफाई अर्धवट राहते. फिल्टर तुंबतो आणि न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. लँड रोव्हरच्या दोन लिटर डिझेल डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये ही तक्रार विशेष आढळली. ऑइलची पातळी खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर हेच झाले आहे.

काही जण हा त्रास टाळायला फिल्टर आतून पोकळ करून घेतात आणि संगणकात फेरफार करतात. अशी गाडी पीयूसीला अडचणीत येते आणि कायद्यालाही धरून नसते. रॅम्पवर गाडी चढवली की फिल्टरच्या डब्यावर कापून पुन्हा वेल्डिंग केल्याची खूण दिसते. युरियाचे पाणी, म्हणजे डीईएफ, लागणाऱ्या गाडीत त्याच्या टाकीचा काही इशारा मीटरवर येतो का, तेही बघा. तो इशारा दुर्लक्षित राहिला तर काही किलोमीटरनंतर गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

डिझेलचाच आणखी एक भाग म्हणजे ईजीआर कूलर. बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये लाखो डिझेल गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या. आत गळणारे कूलंट काजळीत मिसळून पेट घेण्याचा धोका होता. ताकाता कंपनीच्या एअरबॅगसाठीही जगभरातल्या अनेक कंपन्यांच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या. तुम्ही घेत असलेल्या गाडीचा चेसिस नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन विचारा, की यावर काही काम बाकी आहे का. असे काम कंपनी फुकट करून देते. ज्या गाडीत आपण मुलाबाळांना बसवणार, तिच्याबद्दल एवढे विचारायलाच हवे.

खालून बघितल्याशिवाय नाही

गाडी रॅम्पवर चढवायला विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. खालून तेलाचा ओलेपणा स्वच्छ दिसतो. मर्सिडीजच्या तीन लिटर व्ही-६ डिझेल इंजिनात, म्हणजे एमएल आणि जीएलच्या गाड्यांत, ऑइल कूलरचे सील इंजिनाच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत दडलेले असतात. ते गळू लागले की तेल मागून गियरबॉक्सच्या जोडावर उतरते. सील स्वतः महाग नाहीत, पण तिथवर पोचायला टर्बो आणि वरचे सगळे खोलावे लागते. जमिनीवरचे तेलाचे डाग, आणि उलट अतिस्वच्छ, नुकतेच धुतलेले इंजिन, या दोन्हींकडे संशयाने बघा.

पाण्याची खूण शोधा

आपण कोकणात आणि मुंबईत राहणारी माणसे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. दर अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या दूरच्या शहरांत धुऊन-पुसून विक्रीला येतात. आलिशान गाडीत धोका अधिक, कारण तिचे संगणक आणि वायरिंगचे जोड सीटखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या तळाशी असतात. पाणी ओसरले तरी तांब्याच्या तारा आतून हिरव्या पडत राहतात आणि सहा महिन्यांनी एकेक बटण बंद पडू लागते.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या भागावर मातीची रेघ दिसली तर पाणी तिथवर आले होते. सीटखालच्या बोल्टवर गंज आहे का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, हेडलाइटच्या आत दव धरले आहे का, ते पाहा. गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा फोम हाताने दाबा. एसी न लावता काचा बंद करून पाच मिनिटे आत बसा. कुबट वास किंवा त्यावर मारलेल्या भरमसाट अत्तराचा वास, दोन्ही सांगून जातात.

पुरात न सापडलेली गाडीही आतून ओली असू शकते. काचेच्या छताच्या चार कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी खांबातून गालिच्याखाली उतरते. छत उघडून कोपऱ्यात अर्धा पेला पाणी सावकाश ओता. ते चाकांजवळ खाली पडताना दिसले पाहिजे.

धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल शोधल्याची हदीस आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वरचे धान्य कोरडे होते, पावसात भिजलेले खाली दडवले होते, आणि हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी विचारले की भिजलेले लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले. गालिच्याखाली हात घालताना मला दर वेळी ती आठवते. घेणाऱ्याने असा हात घालायला लाजू नये. आणि उद्या हीच गाडी आपण विकू तेव्हा तिची ओल आपणही वर ठेवावी. तिथे 'व्यापारात चालते' ही सबब नाही.

मीटर, रंग आणि स्कॅनर

मीटर मागे फिरवणे आज काही मिनिटांचे काम आहे. मीटर ६० हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचे चामडे चकचकीत, चालकाच्या सीटची बाहेरची कड फाटलेली असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत प्रत्येक भेटीचे किलोमीटर लिहिलेले असतात, ते जुळवून घ्या.

रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र अनेक डेंटर-पेंटरकडे असते. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर आकडा २०० च्या पुढे गेला तर ते पुन्हा रंगवले आहे, आणि पाचशेच्या पुढे गेला तर खाली पुट्टी भरली आहे. दार रंगवलेले असणे हा गुन्हा नाही. पण छताचे खांब किंवा चेसिसचे पुढचे दांडे ठोकून सरळ केले असतील तर गाडी जबर मारलेली आहे. ती घेऊ नये.

शेवटी स्कॅनर. साधा रस्त्यावरचा स्कॅनर पुरत नाही, त्या ब्रँडचे काम जाणणाऱ्या गॅरेजचा लागतो. तो इंजिन, गियरबॉक्स, एअर सस्पेन्शन, एअरबॅग अशा प्रत्येक संगणकातल्या चुका वाचतो. काही गाड्यांत वेगवेगळ्या संगणकांत नोंदलेले किलोमीटरही दिसतात. सगळ्या चुका नुकत्याच पुसल्या असतील तर तेही स्कॅनरवर कळते, कारण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या राहिलेल्या दिसतात. म्हणून पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा एकदा स्कॅन करा. जाताना प्रत्येक बटण दाबा : चारही काचा, सीटांच्या मोटारी, मागचा कॅमेरा, डिकीचे झाकण, एसीचे मागचे झरोके. दोन्ही चाव्या आहेत का, हे विसरू नका. दुसरी चावी नव्याने बनवणे या गाड्यांत मोठा खर्च असतो.

कागद

दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्बंध घातले. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. व्यापारी सांगतो ती किंमत गाडीची असते. इथे नोंदणी करताना जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो, आणि मोठ्या डिझेल गाडीवर तो कर थोडाथोडका नसतो. आधी आरटीओत जाऊन नेमका आकडा विचारा. दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून जुळवा. आरसीवर बँकेचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मागा. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून घेऊन ठेवण्यावर थांबू नका, बदल पूर्ण करून घ्या. विम्याचे नाव चौदा दिवसांत बदलायला अर्ज करायचा असतो, नाहीतर अपघातात भरपाईचे वांधे होतात. आधीचे क्लेम विमा कंपनीकडून आणि थकलेले चलान एम-परिवहनवर बघता येतात.

पुढे काय?

एवढी तपासणी करायला अर्धा दिवस आणि काही हजार रुपये जातात. गाडी सोडून द्यावी लागली तरी ते पैसे वाया गेले असे समजू नका. गाडी पसंत पडली तर माझा साधा नियम असा : गाडीच्या किमतीचा किमान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा. तेवढे पैसे हातात नसतील, किंवा गाडीसाठीच व्याजाचे कर्ज काढावे लागत असेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही. मर्सिडीज, ऑडी, बीएमडब्ल्यू या कंपन्या स्वतःही तपासलेल्या जुन्या गाड्या वॉरंटीसह विकतात. तिथे किंमत जास्त पडते, पण झोप लागते. आणि घरात सात-आठ माणसे, गावचा रस्ता, जवळ फक्त आपला नेहमीचा उस्ताद, अशी स्थिती असेल तर चांगल्या अवस्थेतली जुनी इनोव्हा घेण्यात काही कमीपणा नाही. तिचा भाग माझ्या काउंटरवर त्याच दिवशी मिळतो. आलिशान गाडीचा भाग पुष्कळदा परदेशातून मागवावा लागतो आणि तोपर्यंत गाडी अंगणात ताडपत्रीखाली असते.

आमच्या भावाने ती गाडी शेवटी विकली. घ्यायला आलेल्या माणसाला त्याने मागची डावी बाजू स्वतः दाखवली, गियरच्या झटक्याचे सांगितले आणि सगळी बिले समोर ठेवली. पैसे कमी आले. फोनवर मी विचारले, "वाईट वाटलं का?" म्हणाला, "भाईजान, घेताना मला कोणी सांगितलं असतं, तर माझा स्लॅब झाला असता. त्याच्याही घरी काहीतरी बाकी असेलच ना." यंदा तो पुन्हा सुटीवर येतो आहे. वरच्या मजल्याचे काम आधी आणि गाडी नंतर, असे ठरले आहे. गाडी बघायला जाताना मला आणि चिपळूणच्या उस्तादांना बरोबर न्यायचे, ही मामूंची अट आहे.